जहाजाचे तेरावे

आप्पांची आणि माझी ओळख झाली, त्याआधी मी त्यांच्या तेराव्याला जेवलो होतो. वरण-बट्टी, वांग्याची भाजी आणि गुळाचा शिरा. पुढे मी हे त्यांना सांगितले तेव्हा त्यांनी बारीक चौकशी केली. शिऱ्यात तूप कसे होते, पंगती अंगणात बसल्या की ओसरीवर, आणि रनाळ्याचे शेठ आले होते का. शेठ आले होते, हे ऐकून त्यांना फार बरे वाटले.

"येवालेच पाहिजे व्हतं," ते म्हणाले. "मी जित्ता व्हतू तवय त्यानी माले कधी चहा पाजा नही."

आता आप्पा खरोखर गेले. त्यांच्याविषयी लिहायचे मी मनाशी ठरवले, पण रोज दोन-चार ओळींपेक्षा जास्त होत नाही. घाई करण्याचे कारणही नाही. त्यांच्या बाबतीत घाई एकदा सगळ्या गावाने केली होती, आणि तिच्यापायी त्यांच्या पत्नीचे कुंकू पुसले गेले होते. ते परत कपाळावर कसे आले, ही या माणसाची मुख्य गोष्ट आहे. बाकीच्या गोष्टी तिच्या आगेमागे येतील.

मी त्या गावच्या मराठी शाळेवर मास्तर म्हणून आलो तेव्हा लढाई चालू होती. रनाळ्याहून पायी जाता येईल असे गाव, चहूकडे कापूस, ज्वारी आणि मिरची. खोली मिळाली ती आप्पांच्या घरात. घरात त्यांचे थोरले भाऊ नाना होते. नानांची बायको पोर तान्ही असतानाच वारली होती. ती पोर आप्पांच्या पत्नीने वाढवली. आप्पांच्या पत्नीला सारे गाव वहिनी म्हणे, म्हणून मीही म्हणू लागलो. घरमालक स्वतः मात्र समुद्रावर होते. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून नानांशी भांडून ते मुंबईला गेले होते आणि तिथे आरमाराच्या भरतीत उभे राहिले होते. पोहता येते का, असे साहेबाने विचारल्यावर त्यांनी सांगितले की येते, म्हशीची शेपटी धरून. तरी त्यांना घेतले.

"त्यासले मानसं पाहिजे व्हतात," आप्पा म्हणत, "मासोया नही."

ते परत आल्यावर त्यांच्या सवयी गावाला कळू लागल्या. त्यांच्या बैलगाडीला डाव्या अंगाला तांबडा कंदील असे आणि उजव्या अंगाला हिरवा. बाजाराच्या दिवशी दिवेलागणीला ती गाडी शेठच्या दुकानावरून जाई, तेव्हा शेठ गादीवरून ओरडत. शेठचे आजोबा मारवाडातून आले होते, पण शेठची जीभ आता पुरती इथली झाली होती.

"काय आप्पा, आज कोनती मेल शे? टायमावर उनी!"

"समोरनाले समजाले पाहिजे ना शेठ, गाडं येई ऱ्हायनं का जाई ऱ्हायनं."

"अरे, ह्या रस्तावर सांजले दोन गाडा चालतस!"

"मंग दोन्हीसले समजाले पाहिजे."

अंगणातल्या निंबाला त्यांनी रुळाचा एक तुकडा टांगला होता आणि दर अर्ध्या तासाला ते त्यावर टोले देत. टोले जहाजाच्या रीतीने वाढत जात आणि आठ झाले की पुन्हा एकपासून सुरू होत. त्यामुळे दिवसात तेच टोले अनेकदा पडत आणि शेतातल्या बायांना त्यावरून वेळ कधीच कळली नाही. पण आप्पा कुठे गावाला गेले आणि टोले बंद पडले, की त्याच बाया म्हणत की आज दिवस मावळतच नाही.

त्यांचा सर्वांत मोठा अभिमान म्हणजे माल भरणे. जहाजाच्या पोटात, म्हणजे फाळक्यात, माल रचणाऱ्या टोळीवर ते मुकादम होते. त्या कामाचे दोन नियम त्यांनी गावात आणले. जे आधी लागेल ते शेवटी भरायचे, हा पहिला. "वजनदार खाले, हलकं वर," हा दुसरा. हे दोन नियम ते गोणींना लावत, जेवणाला लावत, भांडणालाही लावत. मला ते एकदा म्हणाले, "मास्तर, तुम्ही सकायले कविता शिकाडतस अन् दुपारले गणित. पोऱ्यासनं जहाज उलटी जाई." मी दुसऱ्या दिवसापासून गणित सकाळी घेऊ लागलो. त्याने फरक पडला की नाही ते सांगता येत नाही, पण पोरे उलटली नाहीत.

एकदा शेजारचे वऱ्हाड शहाद्याकडे निघाले, तेव्हा गाड्या भरण्याचे काम आप्पांनी आपणहून घेतले. नवरदेवाच्या बापाला त्यांनी लग्नाचा सगळा क्रम विचारला आणि त्याप्रमाणे सामान रचले. बाशिंग, शालू, अत्तर अगदी वर. भांडी आणि धान्य तळाला. वाटेत खायच्या दशम्यांची पाटी जड होती, म्हणून तीही तळाला गेली. दुपारी ऊन चढले, पोरे रडू लागली, आणि दशम्या काढायच्या तर दोन्ही गाड्या रिकाम्या करायला हव्या होत्या. सगळे वऱ्हाड उपाशीपोटी अत्तराच्या वासात बसून राहिले.

"आप्पा, आते पोटले बासिंग बांधू का?" नवरदेवाच्या बापाने विचारले.

"बाईवर एकबी गोनी उलटी निघनी नही," आप्पा शांतपणे म्हणाले.

"बाईवर वऱ्हाड नव्हतं!"

बाई म्हणजे त्यांचे जहाज. आरमारातले गोरे साहेब जहाजाविषयी बाईमाणसासारखे बोलत, तीच सवय आप्पांना लागली. जहाजाचे नाव मात्र ते घेत नसत. वहिनी जशा त्यांचे नाव घेत नसत, तसेच ते जहाजाचे घेत नसत, आणि यात त्यांना काही विशेष वाटत नसे.

बाई लढाईचे जहाज नव्हती, माल वाहायचे जहाज होती. लढाईसाठी घाईने बांधली, आरमारात घेतली, आणि लढाई संपताच नकोशी झाली. दोन उन्हाळे आणि मधला एक पावसाळा, एवढीच तिची नोकरी. तिच्यावर एक तोफ होती, ती एकदाही उडाली नाही. आप्पा तिच्यावर धोतर वाळत घालत. मुंबई, कराची, कोलंबो, चितगाव असे फेरे करून बाईने पीठ, बूट, तंबूचे खांब, काटेरी तार आणि खेचरे पोचवली. गावातल्या तरुणांना हे ऐकून वाईट वाटे. त्यांना लढाई हवी असे.

"आप्पा, कितला जपानी मारात?"

"एकबी नही. बूट पोचाडात."

"बूट?"

"उघडा पायना शिपाई कितला जपानी मारी? तूच सांग."

असे त्यांचे उत्तर ठरलेले असे, आणि ते देताना त्यांच्या आवाजात जराही कमीपणा नसे. मी पुस्तकांत लढायांची वर्णने वाचली होती. त्यांत सेनापती असत, मोर्चे असत. पण त्या फौजा काय खात होत्या, ते कुठेच नव्हते. आप्पांना ते ठाऊक होते, कारण त्यांनी ते पाठीवर घेतले होते.

एकदा पूर्वेकडच्या एका बंदरात फाळका उघडला आणि आतल्या एका फुटलेल्या गोणीतून असा झणका आला की सारे खलाशी शिंकत मागे सरले. आप्पा एकटे वाकून उभे राहिले, डोळ्यांतून पाणी गळत होते आणि ते हसत होते. साहेबाने विचारले, काय झाले. आप्पांनी आपल्या हिंदीत सांगितले की ही मिरची आमच्या नंदुरबारकडची आहे. कशावरून, असे साहेबाने विचारले. तेव्हा ते म्हणाले, माझी बायको फोडणी देते तेव्हा असेच रडू येते.

ही गोष्ट ते वहिनींसमोर सांगत आणि वहिनी चुलीपाशी बसून ऐकत. बाईला वहिनी सवत म्हणत. संध्याकाळी आप्पा गप्प बसले की त्या विचारत, "याद उनी का तिन्ही? मंग बोलावा तिलेच, भाकर वाढाले." आप्पा म्हणत, "ती काय वाढी? तिन्हा पोटमा कायम दुसरासनंच." आणि मग दोघेही हसत.

पण हे हसू येण्याच्या आधी जे झाले ते आता सांगायला हवे.

लढाई संपता संपता बाईच्या तळाला भेग पडली. दुरुस्तीला खर्च करण्यासारखी गरज राहिली नव्हती, म्हणून तिला भंगारात काढायचे ठरले. खलाशांना घरी जायला सांगितले. आप्पा गेले नाहीत. तिच्यावरचे सामान उतरवायला, दोर-साखळ्या सोडवायला थोडी माणसे हवी होती. त्यांत ते राहिले. त्यांची राहायची जागा मात्र रिकामी करावी लागली. तेव्हा त्यांनी आपली लोखंडी पेटी सुरतेच्या बाजूच्या एका सोबत्याबरोबर पुढे पाठवली. सोबती सुरतेला उतरला आणि त्याने ती पेटी तापी खोऱ्याच्या गाडीत गार्डाच्या डब्यात चढवून दिली. पेटीवर आप्पांचे नाव आणि गाव रंगाने लिहिलेले होते. आत दोन सदरे होते, आणि बाईच्या लाकडी डेकमधून काढलेली हातभर लांबीची एक जाड फळी, तिच्यात बोटाएवढे लोखंडी खिळे तसेच रुतलेले. ती त्यांनी साहेबाकडून मागून घेतली होती.

पेटी आली. शेठ स्टेशनवर आपला माल सोडवायला गेले होते, त्यांना ती दिसली. त्यांनी ती आपल्या गाडीत घातली आणि गावात आणली. गाडी दारात थांबली तेव्हा शेठच्या डोक्यावर पगडी नव्हती, ती त्यांच्या हातात होती. त्या दिवसांत आमच्या बाजूला एक गोष्ट सगळ्यांना माहीत होती: शिपायाची पेटी माणसावाचून आली, म्हणजे माणूस राहिला नाही. जवळच्याच एका गावात असे झाले होते. पेटी आली, आणि मागून बातमी आली.

मी नानांना म्हणालो, मुंबईला तार करू, चार दिवस थांबू. नाना ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. विहिरीच्या पाण्याचे ते भांडण त्यांच्या तोंडावर दिसत होते.

"मास्तर," ते म्हणाले, "पेटी उनी शे. आते काय इचारानं?"

त्याच संध्याकाळी बायांनी वहिनींच्या बांगड्या फोडल्या.

देह नव्हता, म्हणून भटजींनी पळसाच्या पानांचा पुतळा करायला सांगितला. पानांचा पुतळा उभा राहीना, मोडून पडे. नानांनी पेटीतली ती फळी काढली आणि कणा म्हणून मध्ये घातली. भावाने इतक्या लांबून जपून पाठवलेली वस्तू, ती त्याच्याबरोबरच जावी, असे त्यांना वाटले. वर ते दोन सदरे पांघरले. नदीकाठी अग्नी दिला. तिसऱ्या दिवशी राख सावडली तेव्हा त्यात काळे पडलेले खिळे मिळाले. नानांनी ते एकेक उचलून मडक्यात ठेवले आणि प्रकाशा तीर्थाला नेऊन तापीत सोडले. मी बरोबर होतो. पाणी संथ होते. मडके बराच वेळ बुडाले नाही, आणि नाना कमरेइतक्या पाण्यात हात जोडून उभे होते.

तेरावे झाले. पंगती उठल्या. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, सकाळी, आप्पा रनाळ्याच्या स्टेशनावरून पायी गावात आले.

वाटेत ते तंबाखूसाठी शेठच्या दुकानात थांबले होते. शेठनी त्यांना पाहिले आणि दुकानाच्या फळ्या लावून घेतल्या. आप्पांना वाटले, लढाईमुळे तंबाखू महागली असेल. अंगणात वहिनी पाण्याचा हंडा उतरवत होत्या. आप्पांनी त्यांच्या हातांकडे पाहिले, मग कपाळाकडे.

"बांगड्या कोठे शेतस?"

वहिनी हंड्यासकट खाली बसल्या. "पेटी उनी," एवढेच म्हणाल्या.

आप्पांना समजायला वेळ लागला. मग त्यांचा चेहरा बदलला आणि त्यांनी विचारले, "पेटीमातलं लाकूड कोठे शे?"

मी शाळेला निघालो होतो, दारातच थांबलो. वहिनींचे ते रडणे आणि ते हसणे मी विसरलेलो नाही. दोन्ही एकाच श्वासात होते.

"ऐकं का मास्तर? मी रांडाव व्हयनू, अन् ह्या लाकूड इचारी ऱ्हायनात!"

आनंद दुपारपर्यंत टिकला. दुपारी भटजी पोथी घेऊन आले. ज्याचे अंत्यसंस्कार झाले तो परत आला, तर त्याला पुन्हा जन्मावे लागते, असे त्यांनी सांगितले. तूप घातलेल्या पाण्याने स्नान, मग जातकर्म, बारसे, आणि शेवटी स्वतःच्याच बायकोशी पुन्हा लग्न. आप्पांना यात काही अवघड वाटले नाही.

"बारसाना पायना कितला मोठा लागी, तेवढं सांगा," ते म्हणाले. "सुतारले सांगनं पडी."

अडचण जातीच्या पंचांनी काढली. पंचांत जे सर्वांत वृद्ध होते, ज्यांना सगळे बाबा म्हणत, ते म्हणाले की जिच्या बांगड्या फुटल्या तिचे लग्न लागत नाही. तिचा पाट लागतो. रीत तशी आहे. पाट लावता येतो, त्यात पाप नाही, नवराही तोच आहे. पण पाटाच्या बाईला पहिल्या लग्नाचा मान नाही. ती कुणाला हळद लावत नाही, कुणाची ओटी भरत नाही, लग्नघरात मागे बसते.

नानांच्या मुलीचे लग्न वैशाखात ठरले होते. तिला आई नव्हती. हळद लावायला वहिनीच होत्या.

वहिनी दाराआड उभ्या होत्या. तिथूनच त्या बोलल्या, आणि आवाज चढवला नाही. "एक ते मी सवाशीन शे, नही ते रांडाव शे. मधली जागा माले नको. मी पाट लावनार नही."

"मंग कसं व्हई, माय?" बाबांनी विचारले.

"ते तुम्ही सांगा. बांगड्या तुमना गावनी फोड्या."

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. जिवंत नवरा ओसरीवर आणि कोऱ्या कपाळाची बायको घरात, असे ते घर झाले. वहिनी त्यांना भाकर वाढत, पण स्वतः वाढत नसत. पोरीच्या हातून पाठवत. आप्पा कुठे जात नसत. रात्री नाना त्यांच्याजवळ बसत आणि आपण काही कमी केले नाही, हे पुन्हा पुन्हा सांगत. भांडलेल्या भावाची माफी मागण्याचा त्यांना तेवढाच मार्ग माहीत होता.

एका संध्याकाळी मी तिथे होतो. नाना म्हणाले, "पुतळा उभा ऱ्हायना नही रे. मंग तुन्हं ते लाकूड मझार घातं. राखमा लोखंडना खिया निघनात. आम्ही त्यासलेच तुन्हा हाडं मानात. बठा येचात, प्रकाशाले लई गवूत. एकबी सोडा नही."

आप्पांनी मान वर केली. "केवढा व्हतात?"

"बोटएवढा."

"नाना, मानूसना आंगमा इतला मोठा खिया ऱ्हास का?"

आप्पा उठून उभे राहिले, आणि आल्यापासून पहिल्यांदाच मला त्यांच्यात तो मुकादम दिसला.

दुसऱ्या दिवशी पंच पुन्हा नानांच्या ओट्यावर बसले. भटजी होते, शेठही येऊन बसले. आप्पा उभे राहिले.

"पेटीवर नाव मन्हं व्हतं," ते म्हणाले. "पन माल कोना व्हता? जहाजवर पेटीवर नाव कोनंबी ऱ्हावो, माल ज्याना शे त्यालेच पोचस. तुम्ही जे जायं ते बाईनं लाकूड. हाडं म्हनीसन येचात त्या बाईना खिया. तापीमा सोडात त्या बी तिनाच, अन् तापी समुद्रलेच जास. मन्हं काय जयनं? दोन सदरा. सदरा जयना म्हनीसन मानूस मरस का?"

मग भटजींनी विचारले, "पिंड नावगोत्रावर दिले आहेत. जहाजाला गोत्र कुठले?"

"भटजी, तुम्ही पिंपयनी मुंज करतस. तुयसनं लगीन लावतस. तवय गोत्र कोन इचारस?"

"पण ते जहाज मेले, असे तुम्ही म्हणता."

"मी पाह्यं," आप्पा म्हणाले. "मन्हा समोर कापं तिले. तिन्हं कोनीच काही करं नही. साहेब गयात, खलाशी गयात, एक फूल कोनी टाकं नही. अन् आठे, जठे समुद्र नही, तठे मन्हा भाऊनी तिले अग्नी दिधा. न सांगता दिधा. आते ते तुम्ही काढी लेतस का तिन्हापाशीन?"

हे बोलताना त्यांचा आवाज फुटला. मी खाली पाहिले. त्या माणसाला स्वतःच्या जिवंतपणाची फारशी काळजी नव्हती. आपल्या जहाजाला मिळालेला अग्नी परत घेतला जाईल, ही त्यांना खरी भीती होती. मला हे तेव्हा दिसले आणि बहुधा सगळ्यांनाच दिसले.

बाबांनी काठीच्या मुठीवर टेकलेली हनुवटी उचलली. मग म्हणाले, "आप्पानं बोलनं खरं धरं. पन वयनीनं कुकू पुसाई गयं, बांगड्या फुटी गयात, त्यानं काय?"

दाराआडून वहिनी म्हणाल्या, "बाबा, सवत मरनी म्हनीसन कोनी कुकू पुसस का?"

आधी शेठ हसले. मग नाना. मग सगळा ओटा हसला आणि बाबांना ठसका लागला. भटजींनी पोथी गुंडाळली. म्हणाले, याला पोथीत उत्तर नाही. बाबांनी डोळे पुसून निकाल दिला: झालेले दिवस जहाजाचे. वहिनींच्या बाबतीत बायांची चूक झाली, ती बायांनी बांगड्या भरून निस्तरावी. पाट नाही, बारसे नाही. मात्र जहाजाचे जवळचे माणूस आता घरी आले आहे, तेव्हा त्याने केस उतरवावेत आणि सुतक धरावे.

आप्पांनी डोके भादरले आणि पिळदार मिशीही उतरवली. जमिनीवर झोपले. त्या दिवसांत संध्याकाळी ते मला बाईची हकीकत सांगत. पहिल्यांदा पाण्यात उतरली तिथपासून ते तिचा शेवटचा दोर सोडला तिथपर्यंत. ऐकताना मला कधी हसू आले नाही. त्यांच्या घरात एक मृत्यू झाला होता, आणि तो कुणाचा हे आता ठरले होते. एकदा ते म्हणाले, "जास्ती जगनी नही, मास्तर. पन एक फेरा बी रिकामा करा नही तिनी." मी अनेक मोठ्या माणसांचे मृत्युलेख वाचले आहेत. त्यांत एवढे खात्रीचे वाक्य मला आढळले नाही.

सुतक फिटले तेव्हा त्यांनी पुन्हा पंगत घातली. शेठ आले, आणि जेवून उठताना म्हणाले, "आप्पा, एक पेटीवर दोन तेरावं! असा सौदा मन्हा बापनी बी करा नही." दुसऱ्या दिवशी त्यांनी आप्पांना दुकानात बोलावून चहा पाजला.

वैशाखात लग्न झाले. हळदीच्या वेळी दोन म्हाताऱ्या एकमेकींकडे पाहू लागल्या. वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलेही नाही. भरल्या हातांनी हळदीची वाटी उचलली, पोरीच्या गालाला बोटे लावली, आणि मग ती वाटी त्या म्हाताऱ्यांपुढे धरली. म्हाताऱ्यांनी निमूट हळद घेतली. पोर सासरी निघाली तेव्हा गाडी आप्पांनीच भरली. या वेळी दशम्या वर होत्या.

पुढची वर्षे चांगली गेली. आप्पा आणि वहिनी भांडत, हसत, आणि सवतीचे नाव दोघांच्या बोलण्यात रोज येई. या उन्हाळ्यात आप्पांना ताप भरला आणि उतरला नाही. घरात, खाटेवर, नाना उशाशी असताना ते गेले. देह होता. पुतळा करावा लागला नाही, पोथी उघडून कुणाला काही विचारावे लागले नाही.

बाया जमल्या, पण वहिनींनी कुणाला हात लावू दिला नाही. बांगड्या त्यांनी स्वतः उतरवल्या. मी संध्याकाळी त्यांच्याजवळ जाऊन बसलो. मी शिकलेला माणूस. अशा वेळी काही तरी बोलावे लागते, म्हणून मी म्हणालो की वहिनी, तुम्ही एवढे सोसले आहे, एकदा तर याहून कठीण दिवस काढलेत, तेव्हा धीर धरा.

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. मला समजत नसलेली एक साधी गोष्ट त्या समजावून देत होत्या.

"मास्तर, त्या येळे रडनू ते सवतनं व्हतं. हाई मन्हं शे. माले रडू द्या."